सरकारी कर्ज आणि मावळातलं घर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला टोल किती, हे मावळातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यातला पुढच्या काही वर्षांचा टोल सरकारी महामंडळाने आधीच उचलून घेतला आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. सरकारी कर्ज म्हणजे काय आणि वर्षं उलटत जातात तसं ते कुणाच्या खिशाशी येऊन थांबतं, हे समजून घ्यायला आपल्याला दिल्ली गाठावी लागत नाही. उर्से, कुसगाव, वरसोली, सोमाटणे इथल्या नाक्यांवर उभं राहिलं तरी पुरे.

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ 1996 साली स्थापन झालं आणि 2002 मध्ये त्याने सुमारे 94 किलोमीटरचा हा रस्ता पुरा केला. खर्च 1,600 कोटींच्या वर गेला. हा पैसा महामंडळाने मुख्यतः रोखे विकून आणि कर्ज काढून, राज्य सरकारच्या हमीवर उभा केला. मग 2004 मध्ये द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग अशा दोन्ही रस्त्यांवर 15 वर्षं टोल वसूल करण्याचा हक्क एका कंपनीला दिला आणि बदल्यात 918 कोटी एकरकमी घेतले. ती मुदत 2019 मध्ये संपली. तेव्हा अनेकांना वाटलं होतं की आता रस्ता फिटला. पण 2020 मध्ये नवा करार झाला: एकूण 8,262 कोटी, त्यातले 6,500 कोटी सुरुवातीलाच, आणि वसुलीची मुदत एप्रिल 2030 पर्यंत. टोल दर तीन वर्षांनी 18 टक्क्यांनी वाढणार हेही ठरलेलं. त्याच हिशेबाने 1 एप्रिल 2023 ला मोटारीचे 270 रुपये 320 झाले.

शेतात भात उभा असतानाच तो व्यापाऱ्याला विकून पैसे मोकळे करून घ्यावेत, तसा हा व्यवहार आहे. सरकारी कागदांत याला कर्ज म्हणत नाहीत. पण उद्या येणारं उत्पन्न आज खर्चून टाकलं की उद्याच्या माणसाच्या हाती तेवढं कमी येणार, हा परिणाम कर्जासारखाच असतो. म्हणून सरकारच्या देण्यांचा विचार करताना फक्त ‘कर्ज’ या रकान्यापुरतं पाहून भागत नाही. हमी, महामंडळांची देणी, आधीच उचललेला टोल, ठेकेदारांची थकलेली बिलं, हे सगळं त्यातच धरायला हवं.

मी या रस्त्याच्या विरोधात नाही. तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आले, लोणावळ्याच्या बाजारात शनिवार-रविवारी माणूस मावेनासा झाला, कामशेत-वडगावची पोरं नोकरीला रोज जाऊन-येऊन करू लागली, त्यात या रस्त्याचा मोठा वाटा आहे. त्यासाठी काढलेलं कर्ज मागे काहीतरी ठेवून गेलं. कर्ज किती, याआधी हे विचारायला हवं: ते फिटल्यावर, किंवा फिटण्याआधीच, त्यातून हाती काय राहिलं?

आता मोठ्या आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात खर्चाचा अंदाज 50.65 लाख कोटी रुपये होता. त्यातले 12.76 लाख कोटी फक्त व्याजाचे. मुद्दल वेगळी. सरकारचं महसुली उत्पन्न, म्हणजे कर आणि इतर नेहमीची मिळकत, 34.20 लाख कोटी धरलं होतं. दर शंभर रुपयांच्या कमाईतले 37 रुपये जुन्या कर्जाच्या व्याजात गेले असा याचा अर्थ. संरक्षणावरची तरतूद 6.81 लाख कोटी होती, म्हणजे व्याजाच्या जेमतेम निम्मी. दिवसाचा हिशेब केला तर व्याज रोज साधारण 3,500 कोटी. खोपोली ते कुसगाव हा घाट टाळणारा 13 किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प 6,695 कोटींचा. इतके बोगदे, इतका उंच पूल, इतक्या वर्षांचं काम, आणि केंद्र सरकार तेवढी रक्कम दोन दिवसांत व्याजापोटी देतं.

मग हे कर्ज फेडायचं कधी? इथे घरच्या कर्जाचा दाखला आपली दिशाभूल करतो. माणूस म्हातारा होतो, त्याची कमाई थांबते, म्हणून त्याला हयातीत मुद्दल फेडावी लागते. सरकार जुना रोखा मुदत संपली की नवा रोखा विकून फेडतं, आणि हे शतकानुशतकं चालू शकतं. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये पहिल्यांदा 50 वर्षांचा रोखा विकला. तो 2073 मध्ये फिटेल. आज पवन मावळात जन्मलेलं मूल तेव्हा पन्नाशीकडे झुकलेलं असेल. म्हणून प्रश्न फेडण्याचा कमी आणि पेलण्याचा जास्त आहे. देशाचं उत्पन्न व्याजदरापेक्षा वेगाने वाढत राहिलं, तर कर्ज रुपयांत फुगूनही उत्पन्नाच्या तुलनेत आक्रसतं. आपल्याकडे हे घडलेलं आहे. केंद्र आणि राज्यं मिळून देशाचं सरकारी कर्ज 2004 च्या सुमारास देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 80 टक्क्यांच्या वर होतं. पुढच्या सहा-सात वर्षांत कुणी फारशी मुद्दल फेडली नाही, तरी वाढीच्या वेगामुळे ते सत्तर टक्क्यांच्या खाली आलं. कोविडच्या वर्षात ते पुन्हा नव्वदीजवळ पोचलं आणि आता 80 टक्क्यांच्या आसपास आहे. केंद्राने स्वतःच्या कर्जासाठी मार्च 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या आसपास येण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठलं जातंय की नाही, हे दरवर्षी पाहत राहणं हे नागरिक म्हणून आपलं काम आहे.

हे ऐकून ज्यांना हायसं वाटलं, त्यांनी पुढचंही ऐकावं. कर्ज पेललं तरी ते आपली किंमत वसूल करतंच, फक्त ती हळूहळू आणि नजरेआड.

पहिली किंमत म्हणजे तिजोरीतल्या पैशावर पहिला हक्क व्याजाचा. पगार आणि निवृत्तिवेतन त्यानंतर, आणि उरलेल्यात रस्ते, दवाखाने, शाळा. ज्यांचा आवाज छोटा, त्यांची पाळी शेवटी. पवना धरण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. त्यात जमीन गेलेले शेकडो खातेदार पर्यायी जमिनीची वाट पाहत दुसऱ्या, तिसऱ्या पिढीत पोचले. ही दिरंगाई कर्जामुळे झाली असं मी म्हणत नाही, तिची कारणं वेगळी आणि जास्त लाजिरवाणी आहेत. पण धरणग्रस्तांना द्यायची जमीन हेसुद्धा सरकारचं देणंच आहे. ते कुठल्याही ताळेबंदात नाही, त्यावर व्याज धावत नाही, आणि म्हणून ते पुढे ढकलायला कुणाला काही वाटत नाही. रोख्याचं व्याज एक दिवस चुकलं तर जगभर बातमी होते. धरणग्रस्ताचं देणं पन्नास वर्षं चुकलं तरी ती तालुक्याच्या पानावरची बातमी राहते. व्याजाचा वाटा जसा वाढेल, तशी ही दुसऱ्या प्रकारची देणी आणखी मागे पडतील, ही माझी खरी काळजी आहे. पुणे-लोणावळा रेल्वेच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची मागणी किती वर्षं रखडली, हे लोकलने रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरी किंमत व्याजदरात निघते. बँकेतल्या आपल्या ठेवींचा ठरावीक भाग बँकांना सरकारी रोख्यांत किंवा तशाच सुरक्षित मालमत्तेत ठेवावा लागतो. आज हे प्रमाण 18 टक्के आहे. 1990 च्या सुमारास ते 38.5 टक्के होतं, आणि त्याशिवाय 15 टक्के रोख रिझर्व्ह बँकेकडे. म्हणजे ठेवीतल्या शंभर रुपयांतले निम्म्याहून जास्त सरकार आणि रिझर्व्ह बँकेकडे अडकलेले. उरलेल्या पैशासाठी दुकानदार, शेतकरी, कारखानदार सगळ्यांची झुंबड. त्या काळी धंद्यासाठी कर्ज घेतलेल्या कुणाही जुन्या माणसाला व्याजाचा दर विचारून पाहा. 18-19 टक्के हे आकडे ऐकायला मिळतील.

तिसरी किंमत महागाईची, आणि मावळापुरती मला ती सगळ्यात धोक्याची वाटते. 1997 पर्यंत केंद्र सरकार तूट आली की रिझर्व्ह बँकेकडून जवळजवळ आपोआप पैसा उचलत असे. पैसा वाढला आणि माल तेवढाच राहिला की भाव चढतात. 1991 मध्ये महागाई 13 टक्क्यांच्या पुढे गेली होती. पुढे ती आपोआप चालणारी वाट बंद केली, 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने सरकारला बंधन घातलं, 2016 पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई 4 टक्क्यांच्या आसपास राखण्याची जबाबदारी आली. ही बांधबंदिस्ती महत्त्वाची आहे, पण ती माणसांनीच घातलेली आहे आणि माणसं ती सैल करू शकतात. कर्ज फार वाढलं की कुठल्याही सरकारला महागाई थोडी सोसायला हरकत नाही असं वाटू लागतं, कारण महागाईने जुन्या कर्जाचं खरं ओझं हलकं होतं. तेच ओझं ठेवीदाराच्या अंगावर येतं.

चौथ्या परिणामाबद्दल फारसं बोललं जात नाही. आपलं बहुतेक सरकारी कर्ज देशातल्याच लोकांकडून घेतलेलं आहे: बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, पोस्टाच्या बचत योजना. म्हणजे घेणेकरी तुम्ही-आम्हीच. ‘आपणच आपल्याला देतो’ असं म्हणून हा विषय सोडून देणारे असतात. पण ‘आपण’ म्हणजे सगळे सारखे नाहीत. तळेगावातल्या नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी आहे, विमा आहे, त्याला व्याज मिळतं. नाणे मावळातल्या कातकरी कुटुंबाकडे यातलं काही नाही, तरी काडेपेटी, साबण, चप्पल यांवर ते कर भरतंच. त्या कराचा काही भाग व्याज बनून बचत करणाऱ्यांच्या घरी जातो.

आणि कधीतरी संकटही येतं. 1991 च्या जुलैमध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. ते संकट मुख्यतः डॉलरच्या देण्यांचं होतं, पण त्याच्या मागे ऐंशीच्या दशकातल्या सरकारी तुटी होत्या. श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि त्याच वर्षी तिथली महागाई 70 टक्क्यांच्या जवळ गेली. जपानचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त असूनही तिथे असं काही झालं नाही, कारण ते जपानी चलनात आणि बव्हंशी जपानी लोकांकडूनच घेतलेलं आहे. भारत या बाबतीत जपानच्या जवळ आहे. त्यामुळे घबराटीचं कारण नाही.

घरात काय करायचं

द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहत, बंगल्यांचे प्लॉट, वळणरस्ते यांसाठी गेल्या पंचवीस वर्षांत मावळातली खूप जमीन गेली किंवा विकली गेली. अनेक घरांत आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम आली. काहींची ती गाडी आणि लग्नांत गेली, पण शहाण्या माणसांनी बँकेत मुदत ठेव केली आणि व्याजावर घर चालवलं. मला या शहाण्या माणसांशीच बोलायचं आहे. पन्नास लाखांची ठेव आहे आणि सगळं व्याज दर महिन्याला खर्च होतं, असं धरा. महागाई सरासरी 5 टक्के राहिली, तरी वीस वर्षांनी त्या पन्नास लाखांत आजचा सुमारे 19 लाखांचा माल येईल. पासबुकात आकडा तोच दिसेल. म्हणून व्याजातला काही भाग, निदान महागाईइतका, दरवर्षी मुद्दलीत परत घालायचा नियम करा. तो जमत नसेल, तर खर्च आपल्या ऐपतीपेक्षा जास्त आहे हे आजच कळेल, वीस वर्षांनी नाही. सगळी रक्कम एकाच जातीच्या ठेवीत ठेवू नका. भाडं देणारा गाळा, थोडा शेअर बाजाराशी जोडलेला म्युच्युअल फंड, थोडं सोनं, आणि उरलेली पिकती जमीन यांच्या किमती महागाईबरोबर हलतात. उरलेली जमीन विकताना तर तीनदा विचार करा. सातबारावरचं नाव एकदा गेलं की ते पैशाने परत येत नाही.

साठी ओलांडलेल्यांनी आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहावी. पाच वर्षांची मुदत, 30 लाखांची मर्यादा, 2025 साली दर 8.2 टक्के, आणि ठेवताना जो दर असेल तो पूर्ण मुदतीला कायम. सरकारला थेट कर्ज द्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 पासून ‘रिटेल डायरेक्ट’ची सोय केली आहे. मध्यस्थाशिवाय सरकारी रोखा घेता येतो. मात्र 30-40 वर्षांचा रोखा मध्येच विकायची वेळ आली आणि तोवर व्याजदर चढलेले असले, तर मुद्दलीत तोटा होतो. सत्तरीच्या माणसाने इतक्या लांबच्या रोख्याच्या वाटेला जाऊ नये.

जास्त व्याजाच्या ओढीने पतसंस्थेकडे वळणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. अर्धा-एक टक्का जास्त मिळवण्यासाठी आयुष्याची पुंजी तिथे नेऊ नका.

घराचं किंवा लोणावळ्यातल्या हॉटेल-बंगल्याचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर हप्ता आज जेमतेम बसतोय असं होता कामा नये. दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल हे बँकेकडून लिहून घ्या आणि मगच सही करा. पर्यटनाचा धंदा पावसाळ्यावर आणि सुट्ट्यांवर चालतो, हप्ता मात्र बाराही महिने असतो.

सोन्याच्या सरकारी रोख्यांबद्दल अजूनही विचारणा होते. नोव्हेंबर 2015 च्या पहिल्या रोख्यात ग्रॅममागे 2,684 रुपये घातलेल्यांना 2023 मध्ये 6,132 रुपये मिळाले, वर व्याज वेगळं. घेणाऱ्यांचं भलं झालं, पण सरकारला हे कर्ज इतकं महाग पडलं की फेब्रुवारी 2024 नंतर नवा रोखा निघाला नाही. एखादी योजना ‘बंद झाली’ की आपण हळहळतो. ती चालू राहिली असती तर वाढीव देणं करदात्याच्याच माथी आलं असतं, हेही लक्षात असू द्या.

अर्थसंकल्प कसा वाचायचा

केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला येतो, राज्याचा बहुधा मार्चमध्ये. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर काय स्वस्त, काय महाग एवढंच चालतं. तुम्ही वहीत तीन आकडे लिहून ठेवा: महसुली उत्पन्न, त्यातून जाणारं व्याज, आणि महसुली तूट. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवण्यासाठी काढलेलं कर्ज, ज्यातून मागे काहीच उभं राहत नाही. हेच तीन आकडे चार-पाच वर्षं लिहिलेत की कुणाच्या भाषणाची गरज उरणार नाही.

राज्याचंच पाहा. महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटींचा होता. राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत हे प्रमाण 19 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इतर अनेक राज्यांपेक्षा बरं. व्याज सुमारे 65 हजार कोटी, महसुली उत्पन्न 5.61 लाख कोटी, म्हणजे शंभरातले साडेअकरा रुपये. केंद्राच्या 37 शी तुलना केली तर हे निश्चितच सुसह्य. पण महसुली तूट 45,891 कोटींची होती आणि काळजी तिथे आहे. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेला 36,000 कोटींची तरतूद होती. महिन्याचे 1,500 रुपये मावळातल्या बाईच्या हातात पडले की ती ते वाया घालवत नाही. तिच्या औषधाला, पोरांच्या वह्यांना ते लागतात, आणि मी ते काढून घ्या असं कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ते करातून द्या. कर्ज काढून दिलेले पैसे तिच्याच मुलीकडून व्याजासकट वसूल होणार आहेत. मतं मागायला येणाऱ्या कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला नवी योजना सांगितल्यावर लगेच विचारा: पैसा कुठल्या करातून, की कर्जातून? गोलमोल उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा.

गावपातळीवर तुमचा हात त्याहून लांब पोचतो. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी किती आला आणि कशावर खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहता येतं. लोणावळा आणि तळेगावकरांनी नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मागून घ्यावा. ग्रामसभेत बहुतेक चर्चा नवं काम कुठलं मंजूर झालं यावर होते. त्याऐवजी झालेल्या कामाचं पुढे काय, हे विचारा. पाण्याची टाकी बांधली, तर पंपाचं वीजबिल आणि दुरुस्ती दरवर्षी किती येणार? तो पैसा पाणीपट्टीतून निघतो का? निघत नसेल तर तूट कोण भरतं? उधारीवर उभ्या राहिलेल्या आणि देखभालीअभावी बंद पडलेल्या योजनेचं व्याज चालूच राहतं, पाणी मात्र येत नाही. या प्रश्नांची उत्तरं तोंडी घेऊ नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आकड्यांसह इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि पुढच्या सभेला येताना त्याची नक्कल सोबत ठेवा.